अत्तरदे सर कॅमेरा निवडतात

अत्तरदे सरांनी जन्मात एकच गोष्ट झटपट ठरवली, ती म्हणजे लग्न. हे मी म्हणत नाही, त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी म्हणतात, आणि सरांच्या तोंडावर म्हणतात. "मले पाहाले आले तं चहा निवायच्या आत हो म्हने. अन् या डब्बीले पाच महिने झाले, अजून पाहूनच रायले!"

डब्बी म्हणजे वेबकॅम. संगणकाच्या डोक्यावर बसवायचा एवढासा कॅमेरा. गल्लीतल्या कोणत्याही पोराने दुकानात जाऊन मागितला असता आणि घरी येऊन जोडला असता. पण गल्लीतली पोरं विंडोज वापरतात आणि सर वापरतात लिनक्स, संगणक चालवणारी फुकट मिळणारी दुसरी प्रणाली. शिवाय गल्लीतली पोरं म्हणजे अत्तरदे सर नव्हेत.

धुळ्याला देवपुरात आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी पोस्टातून निवृत्त झालेला वाणी, ते हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मूळचे रावेरकडचे. भाऊबंद सगळे केळीत, हे एकटे भूमितीत. बुटकी मूर्ती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक सहा इंची पट्टी. पट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "कोणी म्हणालं की हे एवढं आहे, तर खरंच एवढं आहे का ते बघायला."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी पडताळा." गणित सुटलं की उत्तर उलटं घालून तपासायचं, तो पडताळा. सरांनी तो वर्गातून घरी आणला आणि मग घरातून गावभर नेला. भरताची वांगी आणायला वहिनींनी त्यांना पाठवणं केव्हाच बंद केलं होतं, कारण एक वांगं ते दहा वेळा दाबत आणि भाजीवाली शेवटी टोपली झाकून घेई. बसचं तर विचारूच नका. साक्रीची बस लागली, तिच्यावर हातभर पाटी असली, तरी सर आधी कंडक्टरला विचारणार, मग ड्रायव्हरला, मग खिडकीत बसलेल्या म्हातारीला. तिघांचं उत्तर जुळलं की चढायचं. म्हातारीला ऐकू कमी येत असलं की बस सुटायची. मी त्यांच्याबरोबर तीन वेळा प्रवास केला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या बसने गेलो.

लिनक्सकडे ते वळले तेही असंच. निवृत्तीच्या आधी त्यांच्या शाळेत संगणक आले, त्यात विंडोज नव्हतं. पोचवायला आलेल्या माणसाने सांगितलं की यात काही चालत नाही, हे असेच ठेवा. 'चालत नाही' हे वाक्य पडताळल्याशिवाय सर कसे सोडतील? सबंध उन्हाळ्याची सुट्टी त्यांनी संगणकाच्या खोलीत काढली आणि जूनमध्ये ते बाहेर आले ते लिनक्सचे प्रचारक होऊन. "विंडोज म्हणजे भाड्याचं घर, वाणीभाऊ. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा." त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र खिळा कुठे ठोकायचा हे आठ-आठ दिवस ठरत नसे. संक्रांतीला आलेलं कॅलेंडर होळीला भिंतीवर लागे.

गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पेनड्राइव्ह असायचा. लोकांना वाटायचं ताईत आहे. त्यात अख्खं लिनक्स भरलेलं होतं. कुठल्याही संगणकाला तो लावून सुरू केला की तेवढ्यापुरता तो संगणक लिनक्सचा व्हायचा, काढला की पुन्हा होता तसा.

तर या माणसाने एका वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक शब्द दिला.

साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा आहे. तिथल्या गावित बाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांचा फोन आला की गणिताचे सर बदलून गेले, जागा रिकामी आहे, ती केव्हा भरेल कोणाला ठाऊक नाही, आणि दहावीत एकोणीस मुलं बसली आहेत. बाईंचा विषय मराठी. त्या म्हणाल्या, "सर, इथे गणितात गेलं की शाळाच सुटते. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला निघतात. पोरगी शिकतेय असं दिसलं तर मागे ठेवतात. नाही दिसलं तर घेऊन जातात."

सरांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बाई, काळजी करू नका. मी इथून शिकवतो. रोज चार वाजता. तुमच्याकडे संगणक आहे ना?"

संगणक होते. दोन. कधीतरी सरकारातून आलेले, लिनक्सवाले, आणि म्हणूनच कोणी न उघडलेले. खंडेनवमीला त्यांचं फडकं काढत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि पुन्हा फडकं घालत. सरांनी फोनवरून एकेक बटण सांगत ते सुरू करून घेतले. दोन्ही सुरू झाले. डोंगरावर टॉवरही झाला होता, त्यामुळे इंटरनेट होतं. "बघा वाणीभाऊ," सर मला म्हणाले, "इतकी वर्षं झाली, पण एक विषाणू नाही. हे लिनक्स!" बटणच कोणी दाबलं नव्हतं तर विषाणू काय कुंकवातून येणार होता?

तिकडे पडदा होता, इकडे सरांच्या बाहेरच्या खोलीत फळा होता. राहिला होता फक्त कॅमेरा.

मी म्हटलं, "सर, आमच्या सूनबाईचा मोबाइल घ्या. स्टुलावर ठेवा आणि करा सुरू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पाढा चुकलेल्या पोराकडे पाहतात तसं. "मोबाइलमध्ये फळा दिसतो, अक्षर दिसत नाही. आणि तो कोणाच्या हुकमाने चालतो, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. सूनबाईच्या हुकमाने चालतो अशी माझी समजूत होती.

मग त्यांनी एक फुलस्केप वही आखली. डावीकडे कॅमेऱ्याचं नाव आणि पुढे अकरा रकाने. मुख्य रकाना पहिला: लिनक्सला ओळख देतो का. सरांनी मला हे दोन तास समजावलं, त्यातलं माझ्या पदरात पडलं ते एवढंच. काही कॅमेरे सर्वांना कळणारी एक ठरलेली बोली बोलतात. ते जोडले की लगेच लिनक्स त्यांना ओळखतं, वरून काही घालावं लागत नाही. काही कॅमेरे आपल्या कंपनीचीच बोली बोलतात, ते नकोत. आणि कोणता कॅमेरा कोणत्या जातीचा हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. खोक्यावर विंडोजचं नाव असतं, लिनक्सचं नसतं. मी विचारलं, "मग पहिल्या जातीचे किती असतात?"

"हल्ली बहुतेक सगळे."

"मग घ्या ना कोणताही."

"बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत, वाणीभाऊ. आधी पडताळा."

जून असा गेला. जुलैत त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या चावडीवर सव्वा पानी प्रश्न लिहिला: फळा काळा, खडू पांढरा, अंतर सात फूट, प्रकाश ट्यूबलाइटचा, कोणता कॅमेरा घ्यावा? तिकडून कोणा भल्या माणसाने एक नाव दिलं आणि लिहिलं, माझ्याकडे चालतो. सर दोन दिवस धुमसत होते. "तुझ्याकडे चालतो रे बाबा, पण तुझ्याकडे खडू आहे का?"

दर सोमवारी गावित बाईंचा फोन यायचा. सरांचा फोन जुना बटणांचा, आवाज दारापर्यंत ऐकू येई. "सर, कॅमेरा आला का?" "अंतिम टप्प्यात आहे, बाई." जुलैत एकदा बाई म्हणाल्या, "मुलं रोज चार वाजता पडद्यासमोर बसतात, सर. मी सांगितलंय की कधीही सुरू होईल." सरांना ते ऐकून फार बरं वाटलं. "पाहिलंत? केवढी शिस्त!" ते मला म्हणाले. काळ्या पडद्यासमोर पोरं बसवून ठेवण्याला शिस्त म्हणायचं असतं हे मला नवीन होतं.

ऑगस्टपर्यंत आग्रा रोडवरचे सगळे दुकानदार सरांना ओळखायला लागले. सर रस्ता ओलांडताना दिसले की ते आतूनच हात हलवत, "संपले सर, कॅमेरे संपले!" म्हणून दसऱ्याच्या तोंडावर आम्ही जळगावला गेलो. अर्थात दुसऱ्या बसने.

जळगावला ललितशेठचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, तीन पिढ्या जळगावात, मराठी आपल्यापेक्षा बरी. दुकानात सणाची गर्दी. ललितशेठने चार कॅमेरे काउंटरवर मांडले. सरांनी पट्टी काढून चारही मोजले. मग गळ्यातला दोरा काढला आणि काउंटरवरच्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा दोन मिनिटं वापरू का? फक्त बघायचं आहे."

गर्दीत ललितशेठचं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "बघा की सर, तुमचंच दुकान आहे."

सरांनी पेनड्राइव्ह लावला आणि ललितशेठचा बिलाचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. ललितशेठ वळून बघतो तर पडद्यावर त्याचं काहीच नाही. बिलं नाहीत, मालाची यादी नाही, कोपऱ्यातली लक्ष्मी नाही. निळं आकाश आणि त्यात परक्या खुणा.

"सर," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझं दुकान कुठे गेलं?"

"आहे, आहे. खाली आहे. शांत राहा," सर म्हणाले आणि पहिला कॅमेरा जोडला.

पुढचा पाऊण तास त्या दुकानात एकही बिल फाटलं नाही. सणाची गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी होती आणि पडद्यावर अत्तरदे सर स्वतःच्या तोंडासमोर खडू धरून डावीउजवीकडे हलत होते. पहिल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर चित्र मोठं लिहिलं होतं. सरांनी कसलासा हुकूम टाइप करून सिद्ध केलं की ते लहानच आहे, ताणून मोठं केलंय. नापास. दुसऱ्याला जवळचं नीट दिसेना. नापास. तिसरा स्वतःच नजर जुळवणारा होता, पण खडू हलला की त्याची नजर ढळे आणि चित्र एकदा धूसर, एकदा स्वच्छ होई. नापास. चौथ्यात आडवे पट्टे सरकायला लागले तेव्हा सरांचा चेहरा उजळला. "ट्यूबलाइट! आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, हा साठ धरून बसलाय." पुन्हा एक हुकूम. पट्टे गेले. गिऱ्हाइकांतल्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली.

"घेताय ना मग?" ललितशेठने कपाळ पुसत विचारलं.

"काढून पुन्हा लावू," सर म्हणाले. काढला, पुन्हा लावला. पट्टे परत आले. सरांनी कॅमेरा खोक्यात ठेवला. "शिकवलेलं जो लगेच विसरतो, त्याच्यावर दहावीचा वर्ग सोपवू?"

ते शिकवणं रोज आपोआप होईल अशी एक ओळ लिहून ठेवता येते, आणि सरांना ती पाठ होती, हे मला बसमध्ये कळलं. सरांनीच सांगितलं. मग घेतला का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

इथवर मला सगळी गंमत वाटत होती, आणि तिचा मी मनसोक्त आस्वाद घेतला हे कबूल करतो. निवृत्त माणसाला शेजारी असा तमाशा फुकट मिळत असेल तर तो उठून कशाला जाईल? पण त्या सोमवारी बाईंचा फोन आला तो वेगळा होता. सहामाही झाली होती. गणितात चौघे पास. "मुलं आता चारला बसत नाहीत, सर," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं, घरी जा. लांबून येतात." सर म्हणाले, "अंतिम टप्प्यात आहे, बाई." बाईंनी फोन ठेवला. मला सरांचा असा राग आला की मी चहा अर्धा टाकून घरी निघून आलो. हा माणूस रोज एकेका कॅमेऱ्याला नापास करत होता आणि तिकडे खरीखुरी पोरं नापास होत होती. खरं तर हे मी त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं. बोललो नाही. शेजार बिघडेल असं वाटलं.

बोलल्या कुसुमवहिनी, तेही न बोलता. दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. वहिनींनी पणत्यांची टोपली माळ्यावर टाकायला मला बोलावलं. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या हातात एक खोकं होतं.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"डब्बी. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याच्या इथून आनली."

"कोणती कंपनी? लिनक्सला ओळख देतो का? विचारलंस?"

"इचारलं ना. त्याले म्हटलं, लिनक्सवर चालंन का? तो म्हने, मावशी, चालंन. मी म्हटलं, दे मंग."

सरांनी खोकं असं उघडलं की जणू आत विंचू असावा. कॅमेरा जोडला. जोडताक्षणी पडद्यावर अत्तरदे सर, त्यांच्यामागे वहिनी, मागे काळा फळा आणि फळ्यावर परवापासून लिहिलेला 'भूमिती' हा शब्द, सगळं लख्ख. पट्टे नाहीत. धूसर नाही. काढून लावला, पुन्हा लख्ख. मी त्या दिवशी सरांचा चेहरा जितका पडलेला पाहिला, तितका त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. तीन दिवस त्यांनी त्या कॅमेऱ्याला अकराच्या अकरा रकान्यांतून काढलं. नापास करायला कारण सापडेना. जेवण कमी झालं.

चौथ्या दिवशी सकाळी ते हसत आले. कारण सापडलं होतं. "वाणीभाऊ, हे सगळं इथून दिसतंय. तिथून कसं दिसतं, हे कोण सांगणार?"

"बाई सांगतील."

"बाई मराठीच्या. त्यांना वर्गमूळाचं चिन्ह दिसलं काय आणि नाही दिसलं काय. मला स्वतः बघायला हवं."

"पण सर, तुम्ही इथे शिकवणार. मग तिथून तुम्हाला बघणार कोण?"

"मीच. मी तिथे जातो. तुम्ही इथे फळ्याजवळ उभे राहा."

हा बेत त्यांनी मला शांतपणे सांगितला, आणि मला लाज वाटते, पण मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळची शाळा. सर पहाटेच्या बसने साक्रीला गेले, तिथून जीपने पुढे. साडेनऊला मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत फळ्यापुढे खडू घेऊन उभा होतो. वहिनी संगणकाजवळ बसून हसत होत्या. त्यांच्या मांडीवर फोन होता आणि त्यातून बाईंच्या फोनवरून सरांचा आवाज येत होता. मला तिकडचं काही दिसत नव्हतं, तिकडे मात्र अख्खा वर्ग मला बघत होता.

"वाणीभाऊ, डावीकडे सरका. तुमचं डावीकडे. त्रिकोण काढा."

मी काढला.

"हा त्रिकोण आहे? बरं, असू द्या. आता पायथागोरसचं प्रमेय लिहा. कोपऱ्यात, बारीक अक्षरात."

मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली, पायथागोरसाचं पत्र कधी आलं नाही. जे आठवलं ते लिहिलं: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेइतका असतो. तिकडे खसखस पिकली. मग एका मुलीचा आवाज आला, स्पष्ट आणि कसलीही भीड न ठेवता.

"सर, त्या बाबानी चुकाडं. बाजूसना वर्ग करना पडस ना?"

"बरोबर," सर म्हणाले. "नाव काय तुझं?"

"ज्योती."

"ज्योती, शेवटच्या बाकावर जा आणि तिथून अक्षर दिसतं का सांग."

"दिसस, सर." मग म्हणाली, "पन सर, तुम्ही तर आठे येल शेतस ना? मंग तुम्हीच शिकाडा ना. त्या बाबाले कसाले तरास?"

खरंच होतं, सर तिथे आलेलेच होते, मग शिकवायचं त्यांनीच. वहिनींचं हसू थांबलं. मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. मग तिकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, बाक सरकला, आणि जरा वेळाने फळ्यावर खडू आपटल्याचा आवाज आला. टक. टक. टक. सर त्रिकोण काढत होते. तिसरी बाजू काढली की ते खडू एकदा आपटायचे, हे मला भिंतीपलीकडून ऐकून पाठ होतं.

फोन बंद करायचं त्यांना सुचलंच नाही. आम्ही दोघं सबंध तास ऐकत बसलो. ते ओरडले, हसले, कोणाला तरी गाढव म्हणाले, मग त्याच गाढवाला शाबास म्हणाले. पडदा, अक्षर, अंतर, प्रकाश, यातलं काही एकदाही निघालं नाही. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "गेले एकदाचे वर्गावर."

त्यानंतर सर आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. कबूल मात्र कधी केलं नाही. कोणी विचारलं तर सांगत, "जोडणीची पाहणी चालू आहे." आणि तो कॅमेरा? तो धुळ्यातच राहिला. चार वाजताची वेळ मोकळीच होती, तेव्हा वहिनी त्या वेळी रावेरच्या बहिणीशी बोलायला लागल्या. वांगं कसं भाजलं गेलंय हे तिकडून स्वच्छ दिसतं, असं बहीण म्हणे. लिनक्सबद्दल वहिनींची काही तक्रार नव्हती.

निकाल लागला. एकोणिसातले सतरा पास. ज्योतीला गणितात शंभरपैकी एक्क्याऐंशी. मी पेढे घेऊन गेलो. सर बाहेरच्या खोलीत फुलस्केप वही मांडीवर घेऊन बसले होते, ती अकरा रकान्यांची.

"सतरा म्हणजे चांगलं झालं, सर."

"दोन राहिल्या," ते म्हणाले. "सुनीता आणि मंगल. दिवाळी झाल्याबरोबर घरच्यांनी ऊसतोडीला नेल्या. परीक्षेपुरत्या आणल्या. मी गेलो तेव्हा त्या नव्हत्याच, वाणीभाऊ. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. असं चालायचंच, शेवटी घरच्यांची अडचण, वगैरे. पोस्टातल्या माणसाला अशी वाक्यं खूप येतात.

"बाईंनी काय सांगितलं माहीत आहे? जून-जुलैत चार वाजता मुलं पडद्यासमोर बसायची ना, त्यात पहिल्या बाकावर या दोघी असायच्या." त्यांनी वही मिटली. पुढचं ते शिक्षकाच्या मराठीत बोलले नाहीत, रावेरच्या बोलीत बोलले. चाळीस वर्षांच्या शेजारात मी ती त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. "त्या दोघी माह्याच्यानं गेल्या, भाऊ. दुसऱ्या कोनाच्यानं नाई."

पाच महिने मी या माणसाला हसलो होतो आणि दोन दिवस त्याच्यावर चिडलो होतो. पेढ्याचा पुडा मी वहिनींच्या हातात दिला आणि आलो.

जुलैत सुनीता-मंगलची पुरवणी परीक्षा होती. पण अजून मे संपला नव्हता; शाळेला सुट्टी, उन्हाचा नुसता वणवा. एका सकाळी मी भाच्याला पोचवायला धुळ्याच्या स्टँडवर गेलो होतो. गर्दीत सर दिसले. डोक्यावर ओला रुमाल, हातात छत्री, गळ्यात तो काळा दोरा नव्हता. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, छत्री वर केली, पण थांबले नाहीत. एक बस फलाटावरून मागे सरकत निघाली होती. सर चक्क पळाले. या वयात, वहाणा फटफटवत, त्या चालत्या बसचा दांडा त्यांनी धरला आणि आत गेले. कंडक्टरला विचारलं नाही, ड्रायव्हरला नाही, खिडकीत एक म्हातारी बसली होती तिलाही नाही.

बस वळली तेव्हा मीच पुढे होऊन पाटी वाचली. साक्रीचीच होती.